मोर्चाची परवानगी कुणाकडे मागायची?

(मिरा-भाईंदरमधील चौक गावी शेतकरी, मीठकामगार आणि मच्छिमार यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण. कार्यकर्त्यांच्या मागणीवरून जिल्हा बैठकीसाठी छापत आहोत.)

माझ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो आणि आज बोटी किनाऱ्याला लावून इथे येऊन बसलेल्या कोळी बांधवांनो,

मला इथे बोलावताना सांगितले होते, की पोलीस खात्यावर बोला. मी शेतकीचा पदवीधर. माती, बी आणि खत यावर रात्रभर बोलेन. पण संघटनेच्या कामात पडल्यापासून जेवढा वेळ मी बांधावर काढला, तेवढाच पोलीस ठाण्याच्या बाकावर काढला आहे. तेव्हा या विषयातला माझा अभ्यास बाकावरचा आहे असे समजा. कायद्याची पुस्तके मी नंतर वाचली, आणि वाचल्यावर लक्षात आले की बाकावर बसण्याआधी ती वाचली असती तर बरे झाले असते.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. २०२० चा खरीप आठवा. सोयाबीन पेरले आणि उगवलेच नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. एका गावच्या शेतकऱ्यांना घेऊन मी ठाण्यात गेलो. गावाचे आणि ठाण्याचे नाव सांगत नाही, कारण असे ठाणे काही एकच नव्हते. बियाण्याची पिशवी, पावती, लेबल, सगळे हातात. ठाणे अंमलदार म्हणाले, "हा कृषी खात्याचा विषय आहे." कृषी अधिकाऱ्याकडे गेलो. ते म्हणाले, "फसवणूक झाली म्हणता ना? मग पोलिसांत जा." पुन्हा ठाण्यात. या खेपेला मी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडून, गुंडाळून, पाच दिवसांनी बरोबर नेले होते. सोयाबीनला शंभरात सत्तर उगवण लागते, तो नियमच आहे. चाळीससुद्धा उगवले नव्हते. अंमलदारांनी गोणपाट उघडून पाहिले, हळहळले, चहा पाजला. तेही शेतकऱ्याचेच पोर. पण फिर्याद घेतली नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची आपणहून दखल घेतली आणि मग पोलिसांची लेखणी हलली.

हा प्रसंग मी पोलिसांना शिव्या देण्यासाठी सांगितला नाही. दोन कचेऱ्यांच्या मधे माणूस कसा टोलवला जातो, ते ध्यानात ठेवा. आज तुमच्या चौक गावाच्या बाबतीत मला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ तिथेच आहे.

आपल्या राज्याचे पोलीस खाते चालते ते १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यावर. त्याचे नाव आता महाराष्ट्र पोलीस कायदा झाले आहे. १९५१ पूर्वी दोन वेगळे कायदे होते. जिल्ह्यांसाठी १८९० चा आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा. गोऱ्या साहेबाने शहराची आणि मुलुखाची पोलीस व्यवस्था मुद्दाम वेगळी ठेवली होती. मुलुखात कलेक्टर हा राजा. पोलीस सुपरिंटेंडेंट त्याच्या हाताखाली. मुंबईत मात्र कमिशनर. तो कलेक्टरला विचारत नसे. १९५१ साली दोन्ही कायदे एका पुस्तकात आले, पण आतली दोन घरे वेगळीच राहिली, आणि ती आजही तशीच आहेत.

जिल्ह्याच्या घरात पोलीस अधीक्षक असतो. त्याच्या खाली उपविभागीय अधिकारी, मग ठाण्याचा निरीक्षक, फौजदार, हवालदार, शिपाई. वर परिक्षेत्राचा महानिरीक्षक आणि सगळ्यांच्या वर मुंबईत पोलीस महासंचालक. पण त्याच कायद्याचे सतरावे कलम सांगते, की जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या नियंत्रणाखाली आहे. गावात जमावबंदी लावायची तर हुकूम काढणार कलेक्टर. एखाद्याला तडीपार करायचे तर सही प्रांताची. 'शांतता भंग करशील' म्हणून एखाद्याकडून जामीन लिहून घ्यायचा, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, ती चालणार तहसीलदारापुढे. पोलिसांनी मागायचे, महसूलवाल्याने द्यायचे किंवा नाकारायचे.

शहराच्या घरात आयुक्त. खाली उपायुक्त, सहायक आयुक्त आणि मग ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक. इथे कलेक्टर नाही, प्रांत नाही, तहसीलदार नाही. दंडाधिकाऱ्याचे जे अधिकार आत्ता सांगितले, ते सगळे आयुक्त आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांकडे. जमावबंदी मागणारे पोलीस, देणारेही पोलीस. तडीपारीचा प्रस्ताव ठाण्याचा, हुकूम उपायुक्ताचा. चॅप्टर केस सहायक आयुक्तापुढे. फिर्यादी आणि पंच एकाच पंगतीत जेवायला बसतात, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आता चौककडे येऊ. १ ऑक्टोबर २०२० पर्यंत हे गाव ठाणे ग्रामीण पोलिसांकडे होते. त्या दिवशी मिरा-भाईंदर, वसई-विरार असे नवे पोलीस आयुक्तालय सुरू झाले. सदानंद दाते हे पहिले आयुक्त. ठाणे ग्रामीणमधून मिरा-भाईंदर आणि पालघर जिल्ह्याच्या पोलिसांकडून सगळा वसई तालुका उचलून एकत्र केला. तुमचे उत्तन सागरी पोलीस ठाणे तेच राहिले, इमारत तीच, शिपाईही बहुतेक तेच असतील. बदलले ते वरचे घर. करोनाचे दिवस होते, लोक घरात कोंडलेले. चर्चा झाली ती वर्तमानपत्रात, आणि ती मनुष्यबळाची, गाड्यांची, इमारतींची. कलेक्टरचे कुठले अधिकार कुणाकडे गेले, हे इथे कुणी सांगायला आले होते का? हात वर करा. कुणीच नाही.

शहराला आयुक्तालय लागते हे मला मान्य आहे. मिरा रोडच्या इमारतींमधून जी वस्ती झाली, तिथले फसवणुकीचे, चोरीचे, मारामारीचे गुन्हे जिल्ह्याच्या जुन्या पोलिसांना झेपणारे नव्हते. पूर्वी मोठ्या साहेबाला भेटायचे तर ठाण्याला जावे लागे, आता मिरा रोडला गेले की झाले. हा फायदा आहे, तो नाकारायचा नाही. पण मिरा रोडच्या मापाचा सदरा चौक, पाली, डोंगरी, तारोडी या गावांच्या अंगावरही चढला. तिकडे वसई तालुक्यात मांडवीच्या बाजूचे आदिवासी पाडेही पोलिसांच्या लेखी 'शहर' झाले. ज्या वसईत गावांनी महापालिकेतून बाहेर राहण्यासाठी २००९-१० मध्ये एवढे मोठे आंदोलन केले, तिथे पोलिसांच्या बाबतीत गाव कधी शहर झाले, हे कळलेही नाही.

कुणी म्हणेल, तहसीलदार काय मोठा स्वतंत्र लागून गेला होता? पोलिसांचा अहवाल आला की डोळे मिटून सही! खरे आहे. मी स्वतः पाहिले आहे. एका तहसीलदारापुढे आमच्या अकरा कार्यकर्त्यांची चॅप्टर केस होती. त्यात एक जण दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि त्याच्याही नावाने नोटीस निघाली होती. पण आम्ही तहसीलदाराला मृत्यूचा दाखला दाखवला तेव्हा तो ओशाळला, पोलिसांना त्याने चार शब्द सुनावले आणि उरलेल्या दहांनाही मोकळे केले. तो पोलिसांचा माणूस नव्हता, म्हणून ओशाळू शकला. दुसरी कचेरी असण्याचा उपयोग एवढाच असतो, आणि तो थोडा नाही.

उलट बाजूही पाहा. तुमच्या जमिनीचे, सातबाऱ्याचे, संपादनाचे काम आजही ठाण्याच्या कलेक्टरकडेच आहे. कचरा महापालिकेकडे. समुद्र मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि पुढे तटरक्षक दलाकडे. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा येऊन पडतो, त्याला आग लागते, धूर तुमच्या घरात येतो. मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्व्याच्या शेतात होणार होती, तिथल्या लोकांनी विरोध केला, तेव्हा ती डोंगरीला आली आणि झाडांवर कुऱ्हाड आली. या प्रश्नांवर तुम्ही रस्त्यावर यायचे ठरवलेत तर निर्णय घेणारा एक आणि तुम्हाला अडवणारा दुसरा. जिल्ह्याच्या घरात निदान कलेक्टरला विचारता येत असे, की साहेब, जमीनही तुम्हीच घेता आणि मोर्चालाही तुम्हीच बंदी करता? त्याला उत्तर द्यावे लागे. आता कलेक्टर म्हणेल, बंदोबस्त पोलिसांचा विषय आहे. पोलीस म्हणतील, जमीन महसूलचा विषय आहे. सोयाबीनच्या पिशवीची गोष्ट तीच.

जमावबंदीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांना सगळ्यात जास्त याच कागदाची भीती वाटते. महाराष्ट्र पोलीस कायद्याचे ३७ वे कलम. त्याच्या पहिल्या पोटकलमाखाली काठ्या, शस्त्रे, दगड बाळगायला, प्रक्षोभक घोषणांना बंदी घालता येते. तिसऱ्या पोटकलमाखाली सभा आणि मिरवणुकीला बंदी घालता येते. पण हा हुकूम सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. हे पंधरा दिवस कायदा करणाऱ्याने विचार करून घातले आहेत. बंदी हे औषध आहे, रोजचे जेवण नाही, हे त्याला ठाऊक होते. प्रत्यक्षात काय होते? पंधरा दिवस संपले की सोळाव्या दिवशी नवा हुकूम. कारणे तीच, मजकूर तोच, तारीख नवी. सण, परीक्षा, आंदोलने, 'विविध राजकीय पक्ष व संघटना' वगैरे. राज्यात कित्येक ठिकाणी वर्षाचे बाराही महिने जमावबंदी चालू असते आणि लग्नाच्या वरातीही चालू असतात. बंदी आठवते ती शेतकरी जमला की. म्हणून तुमच्या हद्दीतला हुकूम कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे, ते आधी पाहायचे. तो जाहीर करावाच लागतो. आणि त्यात पूर्वपरवानगीची सोय असली तर अर्ज आठ दिवस आधी द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. नकार आला तर लेखी मागायचा. तोंडी नकारावर उच्च न्यायालयात जाता येत नाही. लेखी नकारावर जाता येते. साहेबालाही हे ठाऊक असते, म्हणूनच तो तोंडी देतो.

इथून जवळच, उत्तनच्या हद्दीत, महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यभरचे न्यायाधीश तिथे प्रशिक्षणाला येतात. त्यांना खिडकीतून जो समुद्र दिसतो तोच तुम्हाला दिसतो. कायदा त्यांच्यासाठी एक आणि तुमच्यासाठी दुसरा छापलेला नाही.

चॅप्टर केसची नोटीस आली तर घाबरून, 'साहेब म्हणतात तिथे' अंगठा उठवू नका. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुने १०७ आता १२६ झाले, जुने ११० आता १२९. नोटीस देणाऱ्याने तुमच्याविरुद्ध काय माहिती मिळाली, किती रकमेचा, किती मुदतीचा बंधपत्र हवा, हे लेखी हुकमात लिहिलेच पाहिजे. नुसते 'आंदोलक आहे' हे कारण होत नाही. आणि चौकशी सहा महिन्यांत पुरी झाली नाही, तर खास कारण लिहून मुदत वाढवल्याशिवाय ती आपोआप संपते. किती गावांत लोक तीन-तीन वर्षे तारखांना जातात! खाडा होतो, गाडीभाडे जाते, आणि केस कायद्याच्या लेखी कधीच मेलेली असते.

फिर्यादीबद्दलही तेच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. नव्या कायद्यात एक पळवाट ठेवली आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. मला ही तरतूद आवडलेली नाही. आपल्या तक्रारी बहुतेक त्याच पट्ट्यात पडतात. पण चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. फिर्याद नाकारली तर मजकूर लेखी, टपालाने अधीक्षकाला पाठवायचा, तुमच्याकडे उपायुक्ताला. तरी हलले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. कोळी बांधवांसाठी आणखी एक. जाळी चोरीला गेली, बोटीची नासधूस झाली, की पहिले वाक्य ऐकायला मिळते, 'हद्द आमची नाही.' समुद्रात कुंपण नाही, आणि कवींच्या जागांवरून किनाऱ्यावरच्या गावांचे वाद जुने आहेत, ते तुम्ही मला शिकवाल. पण फिर्याद कुठल्याही ठाण्यात द्यावी, त्यांनी ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी, हे आता कायद्यातच लिहिले आहे.

समुद्राचा विषय निघालाच आहे. या टेकडीवरचा धारावीचा किल्ला. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९ साली तो मराठ्यांकडे आला, कारण इथून खाडीचे तोंड राखता येते. ज्याच्याकडे चौक, त्याला येणारे-जाणारे गलबत दिसते. आजही पाहारा तुम्हीच करता. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला, स्फोटके उतरली. ती बॉम्बस्फोटांत वापरली गेली. त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातले काही लोकही दोषी ठरले. पाहारेकऱ्यांनीच फाटक उघडून दिले होते. २६ नोव्हेंबर २००८ ला 'कुबेर' ही मासेमारीची बोट बळकावून दहशतवादी मुंबईला आले, तेव्हा किनाऱ्यावर त्या अनोळखी पोरांना पाहिले ते कोळ्यांनीच. त्यानंतर सागरी ठाणी, ओळखपत्रे, सागर रक्षक दल, सगळे आले. सरकारला तुमचे डोळे हवे आहेत, आणि ते तुम्ही द्याल, देताच. पण सकाळी ज्याला 'समुद्रावर नजर ठेवा' सांगता, त्यालाच संध्याकाळी कचऱ्याविरुद्ध बोलला म्हणून नोटीस देणार असाल, तर त्या डोळ्यांना काय वाटेल?

शिपायाबद्दल दोन शब्द. बंदोबस्ताला उभा असतो तो आपलाच मुलगा. बारा तास, कधी जास्त. सणाला घरी नाही. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो मोठी बातमी झाली, यावरूनच काय ते समजा. त्याला संघटना करायचाही हक्क नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी आपल्या संघटनेसाठी बंड केले, तेव्हा सरकारने संघटना मोडून काढली. आपण निदान घोषणा देऊ शकतो. त्याने काठी उगारली तर त्याला उलट हात करायचा नाही, हा आपला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला मी संघटनेत ठेवणार नाही. खेरवाडी १९८०, निपाणी १९८१, उरण १९८४, मावळ २०११. जिथे जिथे शेतकरी गोळीने मेला, तिथे चौकशीत पहिला प्रश्न हाच निघाला, की दगड आधी की गोळी आधी? आपल्या बाजूने त्या प्रश्नाला जागाच ठेवायची नाही. १९९४ ला नागपुरात ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यांच्या हातात तर दगडही नव्हता. म्हणून मोर्चा नेणाऱ्याने वाट, फाटके आणि बायकामुलांना बाहेर काढायचा रस्ता आधी चालून पाहायचा. हे काम पोलिसांवर सोडायचे नाही.

पोलिसांविरुद्ध तक्रार पोलिसांकडेच करायची का, असे मघाशी एका ताईंनी विचारले. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला राज्यांना काही आदेश दिले. पोलिसांवर सरकारने मनमानी हुकमत गाजवू नये म्हणून आयोग, बदल्यांसाठी मंडळ, अधिकाऱ्याला जागेवर निदान दोन वर्षे, आणि लोकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून यातले बरेच कागदावर आणले. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, त्याचा अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती असतो. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावण्यात हात, अशा तक्रारी तिथे जातात. ते शिफारस करते, शिक्षा देत नाही. तरी तिथे गेलेला कागद वाया जात नाही. ताई, आणखी एक तुमच्यासाठी. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलवायचे असेल तर बाईला आणि साठीच्या पुढच्या पुरुषाला ठाण्यात या, असे सांगता येत नाही. त्यांनी घरी यायचे.

आमची मागणी काय? आयुक्तालय मोडा, असे मी म्हणणार नाही. ते आता मोडणार नाही. पण जिथे गाव आहे, शेत आहे, होडी आहे, तिथे जमावबंदी आणि चॅप्टर केस यांची सही पोलिसाबाहेरच्या दंडाधिकाऱ्याची असावी. कायद्यात हे करता येते. हे अधिकार आयुक्ताला राज्य सरकार देते, आणि दिलेला अधिकार काढूनही घेता येतो. जिल्हा बैठकीत हा ठराव यावा, असे मला वाटते. शहापूर-मुरबाडच्या मंडळींनी यात 'आमचे काय जाते' असे म्हणू नये. त्यांच्याकडे आज ठाणे ग्रामीण पोलीस आहेत, पण शहर सरकत सरकत कुठवर येते, ते चौककरांना विचारा.

ठरावाला आधार लागेल. गेल्या पाच वर्षांत ज्यांना ज्यांना नोटिसा आल्या, त्यांनी त्यांच्या छायाप्रती आणाव्या. नोटीस कुणी काढली, तारीख काय, केस कधी संपली, एवढे मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा. जमावबंदीचे जुने हुकूम कुणाकडे असतील तर तेही. भरतीची वेळ होत आली, बोटवाल्यांना निघायचे आहे. ज्यांचे प्रश्न आहेत त्यांनी आता विचारावेत, आधी बायका.